केक बॉस : होबोकेनची बेकरी आणि लॉबस्टर टेलचे पापुद्रे

मेथीलाडू
नमस्कार मंडळी. गेला आठवडाभर रात्रीची झाकपाक झाली की केक बॉसचे जुने एपिसोड परत बघत बसतेय आणि आता कोणाशी तरी बोलल्याशिवाय चैन पडेना, म्हणून धागा काढला. आधी कोणी काढला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

मी हा शो पहिल्यांदा पाहिला तेव्हा लेक जेमतेम दीड वर्षाची होती. डिस्कव्हरी ट्रॅव्हल अँड लिव्हिंग या चॅनेलचं नाव तेव्हा नुकतंच टीएलसी झालं होतं, म्हणजे २०१० संपत आलं असेल. तोवर माझ्या डोक्यात केक म्हणजे एकतर आईने कुकरमध्ये वाळू घालून केलेला रव्याचा, नाहीतर वाढदिवसाला बेकरीतून आणलेला पायनॅपल. आणि इथे हा बडी व्हलास्ट्रो पांढऱ्या कपड्यात, चार शीट केक एकावर एक रचून, दातेरी सुरीने ते कोरत सुटलाय आणि बघता बघता त्यातून गाडी बाहेर येतेय. तोंडात घास तसाच राहिला होता माझा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूजर्सीतल्या होबोकेन गावात कार्लोज बेकरी आहे, १९१० पासूनची. बडीच्या वडिलांनी ती १९६४ मध्ये मूळ मालकाकडून घेतली. बडी चार बहिणींच्या पाठीवरचा धाकटा, अकराव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली कामाला लागला. १९९४ मध्ये वडील गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, आणि अख्खी भट्टी, गिऱ्हाईक, कामगार सगळं त्याच्या अंगावर आलं. शो सुरू झाला एप्रिल २००९ मध्ये. बहिणी काउंटरला, मेहुणे आत भट्टीवर आणि सजावटीला, आई सगळ्यांच्या डोक्यावर.

सगळ्यांना आठवतात ते मोठे मोठे केक, धूर सोडणारे, दिवे लागणारे. मला विचाराल तर त्या शोचा जीव त्यात नाहीच. तो आहे मागच्या खोलीतल्या रोजच्या मालात. आणि त्यातही एका पदार्थात, लॉबस्टर टेल.

इटालियन स्फोल्यातेल्ले म्हणून असतं ना, त्याचाच हा मोठा भाऊ. घट्ट मळलेलं पीठ लांबलचक टेबलावर हाताने ओढत ओढत इतकं पातळ करायचं की खालचं टेबल दिसलं पाहिजे. मग त्यावर चरबीचा हात फिरवायचा आणि घट्ट वळकटी करत जायचं. ती वळकटी गार करून कापायची, प्रत्येक चकतीत अंगठे घालून तिची शंकूसारखी पारी करायची, आत थोडं मऊ पीठ भरायचं म्हणजे भाजताना पोकळी राहते, आणि भट्टीत गेलं की पापुद्रे सुटून खरंच शेवंड्याच्या शेपटीसारखं दिसायला लागतं. शेवटी आत क्रीम.

वडील गेल्यावर बडीला नेमकं हेच जमेना. बाकी सगळं जमत होतं, पण पीठ ओढलं की फाटायचं. त्याने सांगितलंय की मग एका रात्री वडील स्वप्नात आले आणि त्यांनी त्याला ते पीठ ओढायला शिकवलं, दुसऱ्या दिवशी जमलं. हे सांगताना त्याचा आवाज बदलतो. मी स्वयंपाकघरात उभी होते ते ऐकताना, हातातलं काम तसंच ठेवून बाहेर आले.

तुम्ही कोणी बघायचात का? कोणी त्यावरून केक शिकलं का? लिहा.

तुळशीवृंदावन
अगं काय आठवण काढलीस! आम्ही दोघी बहिणी दुपारी रिपीट टेलिकास्ट बघायचो, आई ओरडायची की अभ्यास करा म्हणून आणि मग तीच येऊन बसायची. वाचतेय.

हडसनकाठी
मस्त धागा. मी जर्सी सिटीत राहतो, अकरा वर्षं झाली. होबोकेन आमच्या शेजारचंच गाव, पाथ ट्रेनने एवढंसं अंतर. बेकरी वॉशिंग्टन स्ट्रीटवर आहे, बरोब्बर सिटी हॉलसमोर, आणि त्या कोपऱ्याला आता कार्लोज बेकरी वे असं नावच दिलंय. पहिल्यांदा गेलो तेव्हा आईबाबा आले होते भारतातून, दोघांनीही शो पाहिलेला. दुकान टीव्हीवर वाटतं त्यापेक्षा बरंच लहान आहे आणि रांग मात्र फुटपाथवर वळसा घेऊन गेलेली. बाबा म्हणाले, चितळ्यांकडे दिवाळीत उभं राहतो की, मग इथे काय झालं. उभे राहिलो तासभर.

लॉबस्टर टेल घेतलं. मेथीलाडूताई, तुम्ही लिहिलंय ते वाचताना तो आवाज आठवला, चावल्यावर होतो तो. जॅकेटभर कपचे सांडले. आईला क्रीम फार गोड वाटलं, पण वरचं कवच तिने माझ्याही वाट्याचं खाल्लं.

एक माहिती. मोठे केक पुढे पुढे त्या छोट्या दुकानात होतच नव्हते. जर्सी सिटीत लॅकवाना म्हणून मोठी जुनी इमारत आहे, तिथे त्यांनी मोठा कारखाना टाकला. नंतरच्या सीझनमध्ये जी ऐसपैस जागा दिसते ती ही. मला स्वतःला सुरुवातीचे सीझन जास्त आवडतात, अरुंद जिना, चार माणसं एकमेकांना धडकत काम करतायत, केक दारातून बाहेर काढताना सगळ्यांचा श्वास अडकलेला.

कोकमसार
थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मी पण पाहिलाय शो, बायकोला आवडायचा. पण मला दर वेळी एकच प्रश्न पडायचा की हे खायचं असतं का? आत प्लायवूड, पीव्हीसी पाइप, कुठे थर्माकोल, वरचा अर्धा भाग राइस क्रिस्पीजचा म्हणजे आपल्या कुरमुऱ्याच्या लाडवासारखा चिकटवलेला, त्यावर साखरेचं जाड कातडं. मागच्या वर्षी पुतण्याच्या वाढदिवसाला असाच थीम केक आणला होता, पोरांनी वरचं फाँडंट सोलून ताटात टाकलं आणि आतला दोन घास केक खाल्ला. ताटं गोळा करताना मला फार वाईट वाटलं. एवढी साखर, एवढा रंग, एवढे पैसे कचऱ्यात. अन्न दिसायला सुंदर असावं हे मान्य, पण आधी ते अन्न असावं. या शोंमुळे आपल्याकडे ते खूळ आलं असं माझं प्रामाणिक मत आहे.

मेथीलाडू
@कोकमसार, राग कशाला, बरोबर जागी बोट ठेवलंत तुम्ही. मी गेली नऊ वर्षं घरून केकच्या ऑर्डरी घेते आणि हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच.

कुरमुऱ्यांचं कारण वजन. घोड्याचं डोकं किंवा विमानाचा पंख खऱ्या केकचा केला तर तो स्वतःच्याच भाराने खाली येतो, केक मऊ आणि जड असतो. क्रिस्पी हलके, दाबून हवा तो आकार घेतात, आणि खाताही येतात. वरून मॉडेलिंग चॉकलेट, म्हणजे चॉकलेटमध्ये ग्लुकोज सिरप घालून मळलेली कणीकच ती, त्याचे नाक डोळे करायचे. थर्माकोलचे थर वापरतात ते जिथे पाहुणे कमी आणि उंची जास्त हवी तिथे. मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते की कुठला थर खोटा आहे, न सांगता देणं मला पटत नाही.

फाँडंट सोलून टाकतात हे खरं आहे. म्हणून मी ते जितकं पातळ लाटता येईल तितकं लाटते. पण ते नुसतं शोभेचं नसतं हो, झाकणासारखं काम करतं, आतला केक वाळत नाही. आणि शोमध्येच बघा, बडी लग्नाचे कितीतरी केक नुसत्या बटरक्रीममध्ये करतो, पायपिंग बॅगने गुलाब काढतो ते बघत राहावं असे. एक पाकळी, टर्नटेबल जरासं फिरवलं, दुसरी पाकळी. त्याच्या वडिलांच्या काळातला माल तो. मला वाटतं तुम्हाला तो भाग आवडेल.

रुळावरून
स्ट्रक्चरवाल्या माणसाने इथे बोललंच पाहिजे. मी सिव्हिल इंजिनिअर, केकमधलं मला खाण्यापलीकडे काही कळत नाही, पण हा शो मी त्यातल्या सांगाड्यासाठी बघितलाय आणि सहकाऱ्यांनाही दाखवलाय.

लोकांना वाटतं तीन मजली केकमध्ये वरचा केक खालच्या केकवर बसलेला असतो. तसं केलं तर वरचा खालच्यात रुतेल. प्रत्येक मजल्याखाली स्वतःचा पुठ्ठ्याचा बोर्ड असतो, आणि खालच्या केकमध्ये त्या केकच्या उंचीएवढ्या कापलेल्या काड्या उभ्या खोचलेल्या असतात, त्यांना डॉवेल म्हणतात. वरचा भार बोर्डवर, बोर्डवरून काड्यांवर, काड्यांवरून खालच्या पाटावर. केक स्वतः काहीच उचलत नाही, तो खांबांच्या मधली भिंत आहे. कॉलम आणि स्लॅब, दुसरं काही नाही. सगळ्या काड्या एका उंचीच्या हव्यात, एक जरी दोन मिलिमीटर लांब राहिली तर स्लॅब तिच्यावर डुलतो. मग प्रवासात मजले सरकू नयेत म्हणून एक लांब काडी वरपासून खालपर्यंत सगळ्यातून आरपार.

एका पायावर उभी आकृती असेल तर प्लायवूडच्या तळाला फ्लँज, म्हणजे पाइप धरणारी चकती, ठोकून त्यात रॉड किंवा पाइप. तिथे वजनाचा मध्य तळाच्या आत पडला पाहिजे, नाहीतर केवढाही जाड रॉड घाला, जिना उतरताना तोल गेलाच. शोमध्ये दर एपिसोडला डिलिव्हरीच्या वेळी जो ताण दाखवतात तो मला कधीच खोटा वाटला नाही. स्थिर इमारतीचं गणित वेगळं आणि ट्रकमध्ये बसून निघालेल्या इमारतीचं वेगळं.

मेथीलाडू
@रुळावरून, हे मी प्रिंट काढून ओट्यासमोर लावणार आहे. आम्ही घरगुती लोक डॉवेल म्हणून बबल टीचे जाड स्ट्रॉ वापरतो, कापायला सोपे आणि एक किलोच्या थराला पुरतात.

पागोळी
मी रत्नागिरीची, होम बेकर. शो बघून हुरूप आला आणि पहिला फाँडंट केक केला तो जूनमध्ये. व्हिप्ड क्रीमवर फाँडंट चढवलं, फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी बाहेर काढलं आणि बघते तर केकला घाम फुटलेला, रंग ओघळतायत, बाहुलीचा हात निखळून खाली. ऑर्डर होती हो. रडत रडत त्या बाईंना फोन केला, पैसे परत केले. न्यूजर्सीच्या एसी खोलीत जे होतं ते कोकणातल्या पावसात होत नाही हे कोणी सांगितलंच नव्हतं. साखर हवेतलं पाणी ओढते आणि गार केक दमट हवेत आला की वर पाणी धरतोच.

आता करते ते असं. व्हिप्ड क्रीम फक्त आत, तेही कमी. बाहेरून गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण, डार्क चॉकलेट असेल तर दोनास एक क्रीम, व्हाइटला तीनास एक, म्हणजे तो थर घट्ट बसतो आणि फाँडंटला टेकू मिळतो. पावसाळ्यात एसी लावलेल्या खोलीतच काम, आणि पाणी लावून चिकटवायचं असेल तर ब्रश जवळजवळ कोरडाच. डिलिव्हरीला केक मांडीवर घेऊन बसायचं नाही, अंगाच्या उबेने मऊ पडतो आणि सीटला उतार असतो. गाडीत पायाशी सपाट जागेवर, खाली रबरी जाळीची चटई, बाजूला कोणीतरी फक्त खोक्याकडे बघायला.

शाकाहारी गिऱ्हाईक जास्त असल्यामुळे अंडं चालत नाही आणि फाँडंटमधलं जिलेटिनही चालत नाही, हिरवा ठिपका बघूनच आणावं लागतं. याच्यावरून सांगते, पुण्याच्या प्राची धबल देब यांचं काम बघितलंय का कोणी? रॉयल आयसिंग म्हणजे मुळात अंड्याच्या पांढऱ्यातलं इंग्लिश काम, ते त्या इंग्लंडला जाऊन एडी स्पेन्स यांच्याकडे शिकल्या आणि इकडे येऊन बिनअंड्याच्या आयसिंगमध्ये करायला लागल्या. २०२२ मध्ये मिलानच्या कॅथेड्रलची शंभर किलोची प्रतिकृती केली, नुसत्या आयसिंगची, ती नक्षी बघून मला वाटलं की ही बाई सोनारकाम करतेय. टीव्हीवरच्या केकवाल्यांचं कौतुक आहेच, पण आपल्या माणसाचं नाव या धाग्यावर यायला हवं होतं म्हणून लिहिलं.

तुळशीवृंदावन
पागोळी ताई, मांडीवर केक घेऊन बसणारी ती मीच. आजपासून बंद.

बासवाला
सगळे केक बॉसचं बोलताय, एस ऑफ केक्स कोणीच नाही? तो त्याच्या आधीचा, २००६ ते २०११, फूड नेटवर्कवर. बाल्टिमोरची चार्म सिटी केक्स, एका जुन्या चर्चच्या इमारतीत दुकान. डफ गोल्डमन नावाचा टकला दाढीवाला, बँडमध्ये बास गिटार वाजवतो, आणि केकला ड्रिल मशीन आणि ब्लोटॉर्च लावतो. मी स्वतः बास वाजवतो म्हणून त्याच्यामुळे बघायला लागलो आणि केकमुळे बघत राहिलो.

तिथे घराणं नाही, मित्रांचा कट्टा आहे. चित्रकार, मॉडेल बनवणारे, कोणी आधी बेकिंग न केलेलेसुद्धा. शांतपणे काम करतात, कोणी कोणावर ओरडत नाही. केक बॉसमध्ये प्रत्येक एपिसोडला आरडाओरडा, कोणीतरी ट्रे पाडतो, मेहुण्यांची थट्टा, मला तेवढ्यापुरता तो शो दमवतो. पुढे दोघांना समोरासमोर आणणारा बडी व्हर्सेस डफ आला २०१९ मध्ये, पहिल्या सीझनला डफ जिंकला. तिथे फरक छान दिसतो, एकजण परंपरेतून आलेला हात आणि दुसरा शिल्पकाराचा.

हडसनकाठी
@बासवाला, ओरडण्याबद्दल सहमत नाही. इथल्या जुन्या इटालियन दुकानांत लोक असेच बोलतात, प्रेमानेही ओरडूनच बोलतात. कॅमेऱ्यासाठी थोडं वाढवलं असेल, पण मुळात ते घरच तसं आहे. बडीची आई मेरी काउंटरमागे आली की हा एवढा बॉस माणूस गप्प व्हायचा. तिला पुढे एएलएस हा स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार झाला, २०१७ मध्ये ती गेली. आजारपणानंतरचे एपिसोड मी एकटा असताना बघू शकत नाही, माझी आई तिकडे आणि मी इकडे.

आणि हाताचं माहीत आहे ना सगळ्यांना? सप्टेंबर २०२० मध्ये घरातल्या बोलिंगच्या मशीनमध्ये बडीचा उजवा हात अडकला आणि दीड इंच जाडीचा धातूचा रॉड तळहातातून आरपार गेला. मुलांनी करवतीने रॉड कापून त्याला सोडवलं. मग अनेक ऑपरेशनं. ज्या हाताने पीठ ओढायचं, गुलाब काढायचे तोच हात. परत पायपिंग बॅग धरायला शिकला तो. मेथीलाडूताई म्हणतायत की शोचा जीव त्या लॉबस्टर टेलमध्ये आहे, तर मला हे ऐकल्यापासून ते जास्तच पटलंय.

कोकमसार
मेथीलाडूताई, तुमचं उत्तर वाचून गुलाबांचे एपिसोड शोधून बघितले, बायको खूश झाली. केकबद्दलचं माझं मत तेच आहे, पण तो माणूस कारागीर आहे यात वाद नाही. लॉबस्टर टेलचाही बघितला. मला एक सांगा, ते आपले चिरोटेच नाहीत का?

मेथीलाडू
@कोकमसार, अहो तुम्ही तर माझ्या मनातलं बोललात, आणि त्याचीच गोष्ट सांगायला आलेय.

रविवारी सासूबाईंना तो भाग दाखवला. त्यांचं वय ७८, त्यांच्या हातचे चिरोटे आमच्या नात्यात प्रसिद्ध आहेत, दिवाळीला चार घरांचे करायच्या. चष्मा पुसून नीट बसल्या. तो पीठ ओढून त्यावर चरबी फासायला लागला तशा म्हणाल्या, "अगं, हा साठा लावतोय की." तूप आणि तांदळाची पिठी फेसून आपण लावतो तेच काम. मग वळकटी झाली, चकत्या पडल्या, त्या मान डोलावत होत्या. पण त्याने अंगठे आत घालून चकतीची पारी काढली तिथे त्या पुढे झुकल्या. "आपण इथे लाटतो आणि हा उकलतो. म्हणून त्याचे उभे सुटतात." इतकी वर्षं बघून मला हे दिसलं नव्हतं. चिरोट्यात आपण चकतीवर लाटणं फिरवतो, पापुद्रे पसरतात आणि तुपात फुलतात. तिथे चकती आतून बाहेर ढकलत न्यायची, म्हणजे एक पापुद्रा दुसऱ्यावरून सरकत जातो, दुर्बिणीच्या नळ्या बाहेर ओढाव्यात तसा.

मग काय, सोमवारी बसलो दोघी. मैदा, मीठ, पाणी, पीठ एवढं घट्ट की मला परातीत मळवेना, सासूबाई म्हणाल्या रात्रभर झाकून ठेव. मंगळवारी जेवणाच्या टेबलावरचं सगळं काढलं आणि ओढायला घेतलं. पहिलं फाटलं. दुसरंही फाटलं, मधोमध नाही, कडेला, कारण मी बोटांच्या टोकांनी धरत होते. त्यांनी माझे हात उलटे केले, हाताच्या पाठीवर पीठ घ्यायला लावलं आणि समोरून त्या स्वतः धरून उभ्या राहिल्या. संधिवाताची बोटं त्यांची, पण पकड बघा. हळूहळू मागे सरत गेलो दोघी आणि खालच्या टेबलक्लॉथची फुलं दिसायला लागली.

साठा मी साजूक तुपाचाच लावला, मैदा घालून. वळकटी फ्रिजमध्ये, आज सकाळी कापली. पारी करताना अंगठ्याला तूप लावून घ्यायचं, नाहीतर आतला पापुद्रा चिकटून फाटतो. आत भरायचं ते मऊ पीठ अंड्याचं असतं, बिनअंड्याचं काही जमेना म्हणून फॉइलचा छोटा शंकू घातला पोकळी राहायला. ओव्हन २०० वर. पहिले चार बसके निघाले, वळकटी सैल पडली होती. दुसऱ्या घाण्यातले तीन सुटले, खरे सुटले, शेवटच्या टोकापर्यंत.

क्रीम घातलं नाही. सासूबाईंनी पिठीसाखर चाळणीतून भुरभुरवली आणि एक बाजूला देवासाठी काढून ठेवलं.

पागोळी
ताई, पीठ किती वेळ मळलंत आणि वळकटी किती जाड ठेवलीत तेवढं सांगा, उद्याच करते. रत्नागिरीच्या हवेत तूप पातळ राहील का याची काळजी वाटतेय.

मेथीलाडू
वळकटी मनगटाएवढी. मळणं सासूबाईंच्या मापाने, कानाची पाळी लागते तसं लागेपर्यंत. तूप आधी फ्रिजमध्ये ठेवून मग फेसा, आणि पंख्याखाली नको, पीठ वाळतं.